ऐकून सापडलेली चूक

मी वेबसाइट बनवते, असं लोकांना सांगू लागले तेव्हा खरं तर मला फक्त चिकटवता येत होतं. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. बेंगळुरूत गल्लोगल्ली संगणकाचे क्लास निघाले होते. बसवनगुडीत आमच्या घरापासून दोन रस्ते सोडून असलेल्या अशाच एका क्लासात मी सहा महिने गेले आणि मग राजाजीनगरातल्या एका छोट्या कंपनीत लागले. कंपनी म्हणजे विजेच्या मोटारींच्या वाइंडिंगच्या दुकानावरची एक लांबट खोली, तीन संगणक, एक मोडेम आणि आम्ही चौघं. खाली दुरुस्त झालेली मोटार चालवून बघायला लागले की वर आमची टेबलं थरथरायची आणि स्क्रीनवरचं चित्र क्षणभर पोहायचं.

घरी अण्णांना, म्हणजे वडिलांना, माझं काम नेमकं काय ते कधी कळलं नाही. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या याच शहरातलं. घरात मराठी, पण तीत निम्मे शब्द कन्नड. अण्णांची सगळी नोकरी सरकारी कचेरीत झाली. मी टाइपिंगसारखंच काहीतरी करते, असं ते पाहुण्यांना सांगत आणि मीही ते खोडून काढत नसे.

त्या वेळी इंटरनेटवर काही हौशी लोक आपण लिहिलेले छोटे प्रोग्राम कुणालाही उचलू देत. आम्ही त्यांना तुकडे म्हणायचो. एक तुकडा आपल्या पानात टाकला की घड्याळ चालू लागायचं, दुसरा टाकला की अक्षरं उजवीकडून डावीकडे सरकू लागायची. प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर सूचना असे: एवढा भाग इथे चिकटवा, ही एक ओळ तिथे चिकटवा. आत काय लिहिलंय ते मला कळत नव्हतं आणि कळून घ्यावं असं वाटतही नव्हतं. चिकटवलं की चालतं, याचंच केवढं अप्रूप होतं.

अशात आमच्या मालकांनी मला एक काम दिलं, पहिलंच माझं एकटीचं. शहरात अंध वाचकांसाठी एक ग्रंथालय होतं. तिथे माणसं फावल्या वेळात येऊन पुस्तकं मोठ्यानं वाचत, ती कॅसेटवर भरली जात आणि त्या कॅसेटी टपालानं गावोगावच्या वाचकांकडे जात. नवीन कुठल्या कॅसेटी आल्या ते इतर गावांतल्या संस्थांना आणि वाचकांना लगेच कळावं, म्हणून त्यांना वेबसाइट हवी होती. यादी टाइप करून त्यांनी आधीच पाठवली होती. वीस पुस्तकांची.

मी जीव ओतून ते पान केलं. वर माउसचा बाण नेला की उघडणारी यादी, पान किती जणांनी बघितलं ते सांगणारा आकडा, असं जे जे मिळालं ते सगळं घातलं. त्यात दोन तुकडे माझे विशेष लाडके होते. एक होता रंगांचा. तो दिवसाची वेळ बघून पानाचा रंग बदलायचा: सकाळी फिका पिवळा, दुपारी पांढरा, संध्याकाळी जांभळट निळा. दुसरा होता नव्या पुस्तकांचा पट्टा. त्यात एकेक नाव येऊन थोडा वेळ थांबायचं, मग पुढचं नाव यायचं.

दोन्ही तुकडे मी वेगवेगळ्या पानांवर चालवून बघितले होते. उत्तम चालले. मग मी ते एका पानावर आणले आणि पट्टा मेला.

रंग व्यवस्थित आला. पट्ट्याची चौकट आली, पण आत नाव नाही. रंगांचा तुकडा काढला, पट्टा जिवंत झाला. परत रंग घातले, पट्टा गेला. मग मी दोन्ही तुकड्यांच्या जागा बदलल्या, वरचा खाली आणि खालचा वर. आता नावं दिसू लागली आणि पान पांढरंफटक राहिलं. एकाला जगवलं की दुसरा मरत होता.

चार दिवस मी त्या पानापुढे बसून होते. ब्राउझर काढून परत घातला. तिन्ही संगणकांवर पान उघडून बघितलं. दोन्ही तुकडे पुन्हा उतरवून घेतले. बाकीचं सगळं काढून फक्त ते दोन ठेवले, तरी तेच. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं शांतपणे सांगितलं की रंग काढून टाक आणि मोकळी हो. अंधांच्या ग्रंथालयाला रंग कशाला, असंही तो म्हणाला. त्याचं बरोबर होतं आणि म्हणूनच मला त्याचा राग आला.

पाचव्या दिवशी सकाळी मालकांनी मला ग्रंथालयात जाऊन पान दाखवून यायला सांगितलं. दिवस आधीच ठरला होता. मी फ्लॉपी पर्समध्ये घातली आणि बसमध्ये बसून माफी कशी मागायची ते जुळवत गेले.

ग्रंथालय म्हणजे बागेला लागून असलेली एक बैठी इमारत होती. आत कॅसेटींची कपाटं आणि एका कोपऱ्यात जाड पडदे लावलेली रेकॉर्डिंगची खोली. तिथली व्यवस्था बघणाऱ्या बाई पन्नाशीच्या असाव्यात. सुती साडी, केसांची घट्ट वेणी. त्यांना दिसत नाही हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी माझ्या पावलांच्या दिशेनं तोंड वळवून कन्नडमध्ये बसायला सांगितलं, तेव्हा कळलं.

त्यांच्या टेबलावर संगणक होता, पण त्याच्या मॉनिटरवर अजून प्लास्टिकचं झाकण होतं. मला वाटलं, संगणक नुसता ठेवलेलाच आहे, वापरात नाही. मी फ्लॉपी काढताना ती हातातून निसटली आणि मी स्वतःशीच पुटपुटले, “अगं बाई, आता हे एक.”

“आमच्या घरातही हेच बोलतात,” बाई मराठीत म्हणाल्या. “स्वल्प डावीकडे बघ, खुर्चीखाली गेली असेल.”

फ्लॉपी खरंच तिथेच होती, आणि ‘जरा’ला ‘स्वल्प’ आमच्याही घरात म्हणत. मग पाच मिनिटं आमची घराण्यांची बोलणी झाली. त्यांचे लोकही आमच्यासारखेच, केव्हाचे इथे येऊन राहिलेले, आणि त्यांच्याही घरात धाकटे थोरल्या बहिणीला अक्काच म्हणत. मीही त्यांना अक्का म्हणू लागले.

मी माफी मागून टाकली. पानावर दोन गोष्टी आहेत, एक चालली की दुसरी चालत नाही, चार दिवस झाले, कारण सापडत नाही, असं सगळं सांगितलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, पानाच्या मागे जे लिहिलेलं असतं ते मला ऐकव.

मला नीट कळलं नाही. मी सांगितलं की ते वाचण्यासारखं नसतं. कंस असतात, चिन्हं असतात, अर्धवट इंग्रजी शब्द असतात, तीनशेच्या वर ओळी आहेत.

“कळलं नाही तर नाही कळलं,” अक्का म्हणाल्या. “फ्लॉपी घाल.”

त्यांनी मॉनिटरचं झाकण तसंच ठेवून संगणक सुरू केला, आणि तो बोलू लागला. परदेशातून कुणीतरी पाठवलेला प्रोग्राम होता तो. स्क्रीनवर जे असेल ते इंग्रजीत मोठ्यानं वाचून दाखवायचा. असं काही असतं हे मी ऐकून होते, पण प्रत्यक्ष कानावर पडलं ते वेगळंच होतं. पत्र्यावर तांदूळ ओतावेत तसा आवाज सलग पडत होता. शब्द कुठे संपतो, दुसरा कुठे सुरू होतो, काही लागत नव्हतं. मी विचारलं, हे इतक्या भरभर का? अक्का म्हणाल्या की हळू लावलं की त्यांचं लक्ष उडतं.

मग त्या ऐकत बसल्या. उजवा हात बाणांच्या बटणांवर, डावा मांडीवर, मान किंचित कलती. ओळीमागून ओळ. मी स्वतः लिहिलेलं, निदान स्वतः चिकटवलेलं पान माझ्यासमोर वाचलं जात होतं आणि त्यातला एक शब्दही मला ओळखू येत नव्हता. कधी त्या थांबत, दोन ओळी मागे जात, पुन्हा पुढे. एकदा त्यांनी विचारलं की हा जो शब्द सारखा येतो त्याचा अर्थ काय. मी सांगितलं, त्याचा अर्थ ‘आता एक काम सांगतो, त्याचं नाव अमुक’ असा होतो. त्या “सरी” म्हणाल्या, म्हणजे ठीक, आणि पुढे गेल्या.

बाहेर बागेत कुणीतरी वाळलेली पानं झाडत होतं. एक वाचक येऊन कॅसेट परत करून गेला. अक्कांनी त्याला थांबायला सांगितलं, आवाज बंद करून कॅसेट घेतली, नोंद केली, आणि जिथे होत्या तिथूनच पुढे ऐकू लागल्या. वीसेक मिनिटं झाली असतील.

मग त्यांचं बोट थांबलं.

“‘स्टार्ट’ हे नाव मागे येऊन गेलंय,” त्या म्हणाल्या. “पहिल्या शंभर ओळींत. तिथेही तू हेच म्हटलंयस, की आता एक काम सांगतो, त्याचं नाव ‘स्टार्ट’. आणि इथे परत तेच. ही दोन कामं वेगळी आहेत ना?”

मी हो म्हटलं. एक रंगांचं, एक पट्ट्याचं. दोन वेगळ्या ठिकाणांहून घेतलेले तुकडे आहेत.

“मग नाव एकच कसं? तू ‘स्टार्ट’ म्हणून हाक मारलीस तर उठायचं कुणी?”

दोन अनोळखी माणसांनी जगाच्या दोन टोकांना बसून आपापला तुकडा लिहिला होता आणि दोघांनीही आपल्या मुख्य कामाला तेच सोपं नाव दिलं होतं. दोघांच्याही सूचनेत शेवटी तीच ओळ होती: पान उघडलं की ‘स्टार्ट’ला हाक मारा. दोन्हीकडे एकच ओळ बघून मी ती एकदाच चिकटवली होती आणि तेव्हा मला आपण फार हुशार आहोत असं वाटलं होतं. संगणक ते नाव दोनदा ऐकत होता, आणि दुसऱ्यांदा ऐकलं की पहिलं विसरत होता. म्हणून जो तुकडा खाली, तो चालायचा. चार दिवस ते माझ्या डोळ्यांसमोर होतं.

मी मॉनिटरचं झाकण काढलं. रंगांच्या कामाचं नाव बदलून ‘रंग’ केलं आणि दोघांना वेगवेगळी हाक लावली. पान उघडलं. फिका पिवळा रंग आला आणि पट्ट्यात पहिलं नाव उमटलं. मला रडू येईल असं वाटलं. मी अक्कांना नावं वाचून दाखवू लागले. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं, मग पाककृतींचं पुस्तक.

“थांब,” अक्का म्हणाल्या. “मधली सहा कुठे गेली?”

यादी त्यांनीच केली होती. पाककृतींचं पुस्तक अकरावं होतं. मी बघत राहिले. पुढे बारावं आलं, तेरावं आलं, चौदावं आलं आणि मग परत पाककृती. पट्टा चालत होता, पण मध्येच उडी मारत होता, आणि दर वेळी उडी एकाच जागी पडत होती.

अक्कांनी मान किंचित कलती केली. मग त्यांनी विचारलं, “आता किती वाजले?”

मी घड्याळ बघितलं. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

“दोन्हीकडे आकड्याला ‘एन’ हेच नाव आहे,” त्या म्हणाल्या. “रंगात ‘एन’ म्हणजे तास. पट्ट्यात ‘एन’ म्हणजे कितवं पुस्तक. रंगवाला घड्याळ बघून अकरा लिहून ठेवतो आणि पट्टेवाला तेच अकरा वाचतो.”

रंगांचा तुकडा दर मिनिटाला तास किती ते बघत होता, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. ते तीनशे ओळींत एके ठिकाणी लिहिलेलं होतं आणि त्यांनी एकदाच, त्या भयंकर वेगानं, ऐकलं होतं. वेबसाइट हा शब्द त्यांना माझ्याइतकाही परिचयाचा नव्हता. तरी ते सगळं त्यांच्या डोक्यात जागच्या जागी होतं, आणि हवी ती ओळ त्या कपाटातून कॅसेट काढावी तशी काढू शकत होत्या. मी ‘एन’ बदलून ‘तास’ केलं. पट्टा पहिल्यापासून विसाव्यापर्यंत सरळ गेला आणि पुन्हा पहिल्यावर आला. मी एकेक नाव मोठ्यानं वाचत गेले.

तुम्हाला हे कसं जमलं, असं मी अखेर विचारलं. त्यांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं. बाविसाव्या वर्षी दृष्टी गेली, तेव्हापासून त्या इथे होत्या, आणि त्यांचं मुख्य काम भरलेल्या कॅसेटी तपासण्याचं. वाचणारी माणसं दमतात, दोन पानं एकदम उलटतात, एकच ओळ दोनदा वाचतात. मूळ पुस्तक अक्कांना दिसत नव्हतं. नुसतं ऐकूनच ओळखायचं की इथे काहीतरी गळलंय, इथे काहीतरी दुसऱ्यांदा आलंय. विज्ञानाची पुस्तकं, कायद्याची पुस्तकं, त्यांना न येणाऱ्या विषयांचीही. पंचवीसहून जास्त वर्षं त्या हेच करत होत्या.

“दोनदा आलेलं मला टोचतं,” त्या म्हणाल्या. “बाकी तुझ्या त्या पानातलं मला काही कळलं नाही.”

मग त्यांनी रंग कुठले आहेत ते विचारलं. मला संकोच वाटला, सहकाऱ्याचं बोलणं आठवलं. रंग काढून टाकू का, असं मीच विचारलं. त्या म्हणाल्या, काही वाचकांना थोडा उजेड कळतो, त्यांना सकाळ-संध्याकाळचा फरक आवडेल. संध्याकाळचा निळा नेमका कसा, ते मात्र त्यांना नीट हवं होतं. मी आठवून आठवून सांगितलं, की उन्हाळ्याच्या तोंडावर आपल्याकडे रस्त्यांवर जकारंडा फुलतो, त्याच्या जांभळ्या फुलांचा सडा जरा वाळल्यावर दिसतो तसा. त्यांनी तो मनात आणून बघितला असावा.

“सरी,” त्या म्हणाल्या. “ठेव तो.”

निघण्याआधी मी त्यांना एक विनंती केली. तो बोलणारा प्रोग्राम माझ्यासाठी अगदी हळू लावाल का? त्यांनी लावला. मी मॉनिटर बंद केला, डोळे मिटले आणि माझं पान ऐकलं, मागची आज्ञांची बाजू नाही, लोकांना दिसणारी. चित्र, चित्र, चित्र, दुवा, आकडा, चित्र, दुवा. तो बोलत राहिला आणि मी ग्रंथालयाचं नाव येण्याची वाट बघत राहिले. डोळ्यांना सगळ्यात आधी दिसणारं ते नाव कानाला खूप उशिरा, सगळ्या सजावटीनंतर येत होतं. ज्यांच्यासाठी पान केलं ते दारातच उभे राहिले असते. अक्कांनी हे पहिल्याच वेळी ऐकलं असणार. त्या एका शब्दानं बोलल्या नव्हत्या.

ऑफिसात परत जाऊन मी ते पान पुन्हा पहिल्यापासून लिहिलं. उघडणारी यादी गेली, आकडा गेला. आधी नाव, मग नव्या पुस्तकांची साधी यादी, नावं बदलणारा पट्टा त्याच्या खाली. या वेळी चिकटवलेली प्रत्येक ओळ काय करते ते समजून घेऊनच चिकटवली. त्याला आठवडा लागला. मालकांनी उशिराबद्दल विचारलं तेव्हा मी खरं कारण सांगितलं, आणि त्यांनी तो आठवडा मला दिला.

पान इंटरनेटवर चढलं त्यानंतर मी शनिवारी दुपारी ग्रंथालयात जाऊ लागले. यादीत नवी नावं कशी घालायची ते अक्कांना शिकवायला जाते असं मी घरी सांगत असे. ते त्यांना दोन शनिवारांत आलं. पुढचे सगळे शनिवार मीच शिकत होते. मी तुकडे लिहायचे, स्वतः लिहायचे, आणि त्या ते ऐकायच्या. चूक सापडली तर त्या आकडा सांगत, ओळीचा. कारण शोधणं माझं काम.

अशाच एका शनिवारी एक निवृत्त शिक्षक आले. हातात पांढरी काठी, उन्हानं घामाघूम. आपल्या वेबसाइटवर नवीन काय आहे ते मला ऐकव, असं त्यांनी अक्कांना सांगितलं. अक्कांनी आवाज त्यांच्यासाठी मध्यम लावला. ग्रंथालयाचं नाव आलं, मग पुस्तकं येऊ लागली. सातव्या नावाला त्यांनी टेबलावर बोट टेकवून थांबवलं आणि तेच नाव पुन्हा लावायला सांगितलं. मग सावकाश सांगितलं की हे पुस्तक ते वर्गात शिकवत होते, डोळे गेल्यापासून भेटलं नव्हतं.

मी कॅसेट शोधायला उठले, पण अक्का माझ्या आधी उठल्या होत्या. कपाटांच्या रांगेत शिरून, हातानं एकेक कप्पा मोजत, त्या चालत गेल्या आणि दोन कॅसेटी घेऊन परत आल्या.

“दोन भाग आहेत,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्यात शेवटी वाचणाऱ्याला खोकला आलाय, तेवढं सांभाळून घ्या.”